गॅरेजातला हूक हलतो, कुलूप अडकते: मोटरसायकलची बांधणी दर पावसाळ्यात का निकामी होते आणि काय करावे

चोरी होऊ नये म्हणून बाईक हुकाला बांधून ठेवणाऱ्यांची ही तक्रार गोव्यात ठरावीक क्रमाने येते. मे महिन्यात गॅरेजच्या फरशीत लोखंडी हूक ठोकून घेतला, जाड साखळी आणि कुलूप आणले. जुलैत कुलपाची किल्ली फिरेनाशी झाली. ऑगस्टपर्यंत हूक हाताने हलू लागला. चवथीला (गणेश चतुर्थीला) मूळ घरी जायची वेळ आली तेव्हा साखळी नुसतीच चाकातून ओवून ठेवली आणि शटर ओढून घेतले. म्हणजे घर वर्षात सगळ्यात जास्त दिवस बंद असते नेमके तेव्हा बाईक मोकळी. पुढच्या मे महिन्यात नवा हूक, नवे कुलूप आणि पुन्हा तीच रड.

दोष साखळीत क्वचितच असतो. खर्च साखळीवर होतो आणि ती ज्यात अडकवायची त्या फरशीकडे, भिंतीकडे कोणी बघत नाही. गोव्यात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, किनाऱ्याकडच्या हवेत मीठ असते, घरे चिऱ्यांची (जांभ्या दगडाची) आणि गॅरेजची जमीन भरावाची. बाजारात मिळणारा हूक आणि त्यासोबतचे फास्टनर (भोकात बसवायचे बोल्ट) चांगल्या, जाड काँक्रीटसाठी बनवलेले असतात. तसे काँक्रीट आपल्या गॅरेजात असतेच असे नाही. म्हणून दुरुस्तीची सुरुवात जमिनीपासून करा, साखळी सर्वात शेवटी विकत घ्या.

हूक का हलतो

आधी फरशीवर हातोडीच्या दांड्याने ठिकठिकाणी ठोकून बघा. बद्द, पोकळ आवाज आला तर खालचा भराव बसला आहे आणि कोबा अधांतरी आहे. मग कोपऱ्यात, बाईकच्या जागेपासून दूर, ६ मिमीच्या बिटाने एक भोक पाडा. ड्रिल एकदम आत गेले की थांबा आणि बिट किती खोल गेले ते मोजा. तीच तुमच्या कोब्याची जाडी. घराला जोडून नंतर काढलेल्या शेडमध्ये ती बऱ्याचदा ५० ते ७५ मिमी निघते. वर टाइल्स असतील तर टाइल आणि तिच्याखालचा मसाला त्यातून वजा करा, त्यांच्यात काही ताकद नसते.

आता हिशेब बघा. एम-१२ चे (१२ मिमी जाडीचे), आवळल्यावर भोकात फुगून पकड घेणारे साधे विस्तारणारे फास्टनर ७० ते ८० मिमी खोल बसवायचे असते. ५० मिमीच्या कोब्यात त्याचे टोक खाली मातीत जाते आणि पकड घेणारा भाग हवेत राहतो. नट आवळला की वरून घट्ट वाटते, पण प्रत्येक ओढीला कोब्याचा खालचा थर थोडा थोडा फुटत राहतो. पावसात भराव ओला होऊन बसला की उरलेला आधारही जातो. भोकाभोवती पांढरी पूड किंवा कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा दिसल्या तर ते फास्टनर पुन्हा आवळू नका. आवळल्याने ते आणखी लवकर वर येते.

कोबा १६० मिमी किंवा त्याहून जाड, एकसंध आणि भेगा नसलेला असेल तरच केमिकल अँकर, म्हणजे भोकात चिकटणारे रसायन भरून बसवलेला रॉड, लावण्यात अर्थ आहे. एम-१६ च्या रॉडसाठी १८ मिमीचे भोक, १२५ मिमी खोल. एम-१२ साठी १४ मिमीचे भोक, ११० मिमी खोल. काँक्रीटच्या कडेपासून निदान १५० मिमी आत राहा. या कामात सगळ्यात जास्त चूक भोक साफ करण्यात होते. हवा मारा, तारेच्या ब्रशने घासा, पुन्हा हवा मारा, आणि हे सगळे दोनदा करा. आत पूड राहिली तर केमिकल काँक्रीटला न चिकटता पुडीला चिकटते आणि रॉड काही महिन्यांत सुटा होतो. ट्यूबवरची मुदत वाचून घ्या. दुकानात उन्हाळाभर तापत पडलेली जुनी ट्यूब घेऊ नका. नळीतून आलेले पहिले काही झटके टाकून द्या आणि रंग एकसारखा झाल्यावरच भोकात भरा. तळापासून सुरू करून दोन तृतीयांश भरा, रॉड फिरवत आत घाला, आणि ट्यूबवर छापलेला वेळ होईपर्यंत त्याला हात लावू नका. ओल्या भोकात पकड कमी येते, म्हणून हे काम फेब्रुवारी ते मेमध्येच उरका.

कोबा पातळ असेल तर: काँक्रीटचा ठोकळा

बहुतेक घरगुती गॅरेजसाठी हाच खरा उपाय आहे आणि एकदा नीट केला की विषय संपतो. फरशी कापून ४०० × ४०० मिमीचा खड्डा ४०० मिमी खोल खणा आणि तळाशी चारी बाजूंनी ५० मिमी रुंद करा. वर अरुंद, खाली रुंद अशा आकारामुळे ठोकळा उचलायचा तर आजूबाजूची जमीनही उचलावी लागते. सरळ उभ्या भिंतींच्या खड्ड्यात हा फायदा मिळत नाही.

सामान असे लागते. १:१.५:३ या प्रमाणात सिमेंट ३३ किलो (सुमारे २३ लिटर), रेती ३४ लिटर, २० मिमी खडी ६८ लिटर आणि पाणी १६ लिटरच्या आसपास. सिमेंटची ५० किलोची एक गोणी पुरून उरते. पाणी वाढवून मिश्रण पातळ करण्याचा मोह आवरा, पातळ काँक्रीट नंतर पाणी पिते आणि आतले लोखंड गंजते. किनाऱ्यावरची खारी रेती तर मुळीच वापरू नका. तयार ठोकळा दोनशे किलोच्या जवळपास भरतो.

हूक म्हणून २० मिमी जाड गोल सळईचा इंग्रजी यू आकार फॅब्रिकेटरकडून वाकवून घ्या. दोन्ही पाय ३०० मिमी आत जातील इतके लांब ठेवा आणि टोके ७५ मिमी बाहेर वळवा. त्या वळवलेल्या टोकांवर १२ मिमीच्या दोन सळया आडव्या बांधा. खाली आणि बाजूंना ७५ मिमी काँक्रीट राहील असे बघा. सळई आधी हॉट-डिप गॅल्व्हनाइज करून (वितळलेल्या जस्तात बुडवून) घेतली तर उत्तम. ते जमत नसेल तर झिंकवाला प्रायमर आणि वर इपॉक्सी रंगाचे दोन हात. गंज नेहमी सळई काँक्रीटमधून बाहेर येते त्या जागी सुरू होतो, कारण तिथे पाणी साचते. म्हणून ठोकळ्याचा माथा मध्यभागी फरशीपेक्षा १० मिमी उंच आणि कडेला उतरता ठेवा. फरशीत पूर्ण बुडणारे, झाकण असलेले हूक दिसायला छान असतात, पण आपल्याकडे त्या खोबणीत पहिल्याच पावसात चिखल भरतो. तळाला पाणी जायला वाट नसेल तर असा हूक घेऊ नका.

सात दिवस ओले पोते टाकून पाणी मारा. पूर्ण ताकद २८ दिवसांनी येते, तोवर ओढून बघायची घाई नको.

जमीन कुठली यावर थोडा फरक पडतो. पर्वरी, वेर्णा यांसारख्या सड्यावर (पठारावर) खाली कातळ लागतो. खणायला पिकास आणि घाम दोन्ही लागतात, पण खड्ड्याच्या कडा घट्ट राहतात. कळंगुट, कांदोळी, कोलवा, बाणावलीच्या रेताड पट्ट्यात कडा ढासळतात. तिथे खड्डा ५०० मिमी घ्या, फळ्या लावा, आणि सामानही दुपटीच्या आसपास धरा. खाजनालगतच्या (खाडीकाठच्या बांध घातलेल्या सखल जमिनीलगतच्या) घरांत जमिनीतूनच खारे पाणी वर येते. तिथे गॅल्व्हनाइज केलेली सळईच हवी, नुसता रंग टिकत नाही.

हूक कुठे बसवायचा? बाईक नेहमी लावता त्या जागी उभी करा आणि मागच्या टायरपासून १५० ते २०० मिमीवर, भिंतीकडच्या बाजूला खूण करा. साखळी आखूड राहते, आणि चोराला कटर किंवा ग्राइंडर धरायला बाईक व भिंतीच्या मधल्या फटीत घुसावे लागते.

भिंतीत लावायचे असेल तर

चिऱ्याच्या भिंतीत विस्तारणारे फास्टनर लावू नका. जांभा दगड सच्छिद्र असतो, आत पोकळ्या असतात, आणि फास्टनर फुगले की दगड आतून चुरडतो. वरून प्लास्टर अखंड दिसते म्हणून हे लक्षात येत नाही. केमिकलही पोकळ्यांत वाहून जाते. जाळीची नळी घालून ते थोडे सावरते, पण मोटरसायकल धरण्याइतका भरवसा त्यावर ठेवू नये.

भिंत हाच पर्याय असेल तर आरपार बोल्ट घ्या. भिंतीची जाडी प्लास्टरसकट मोजा, साधारण २३० मिमी भरली तर एम-१६ चा ३०० मिमी लांब रॉड लागेल. दोन्ही बाजूंना १५० × १५० × ६ मिमीची लोखंडी पट्टी लावा म्हणजे ताण एका जागी न येता मोठ्या भागावर वाटला जातो. नट ज्या बाजूला आहे ती बाजू घराच्या आत यावी. बाहेर येत असेल तर नट वेल्ड करून टाका आणि पट्टीच्या कडेने सिलिकॉन भरा, नाहीतर वाऱ्याबरोबर येणारा पाऊस बोल्टच्या भोकातून थेट भिंतीत उतरेल. मातीत बांधलेल्या जुन्या भिंतीत हेही करू नका. तिथे फक्त जमिनीतला ठोकळा.

किल्ली फिरत नाही

कुलूप अडकल्यावर पहिला हात खोबरेलाकडे किंवा इंजिन ऑइलकडे जातो. दोन दिवस किल्ली लोण्यासारखी फिरते, मग तेलात धूळ आणि मीठ चिकटून आतल्या पिना गच्च होतात. जोर लावला की किल्ली आत तुटते. ग्रीसचा परिणाम याहून वाईट.

योग्य क्रम असा: डब्ल्यूडी-४० सारखा ओल हटवणारा स्प्रे किल्लीच्या भोकात आणि कडी आत जाते त्या दोन्ही भोकांत मारा, किल्ली वीस-पंचवीस वेळा आतबाहेर करा, काळे पाणी निघेल ते फडक्याने पुसा, पुन्हा मारा. भोके खाली करून एक दिवस वाळू द्या. पूर्ण वाळल्यावर ग्राफाइटची पूड किंवा पीटीएफईचा (टेफ्लॉनचा) कोरडा स्प्रे घाला. ओल्या, तेलकट कुलपात ग्राफाइट घातले तर त्याचा लगदा होतो आणि आधी होते त्यापेक्षा जास्त अडकते. जून ते सप्टेंबर महिन्यातून एकदा, बाकी वर्षात तीन महिन्यांतून एकदा एवढे पुरते.

कुलूप घेताना पितळी अंग घ्या, ते गंजत नाही. पण कडी पोलादाचीच असते आणि ती पितळेत शिरते तिथेच मीठ-पाण्याने गंज धरते, त्यामुळे तपासणी तिथे करा. कडीचा फार थोडा भाग उघडा राहतो अशा आकाराचे, खांदे उंच असलेले कुलूप घ्या, कटरचा जबडा आत जात नाही. लटकताना किल्लीचे भोक खाली असावे आणि कुलूप जमिनीला टेकू नये. जमिनीवर पडलेल्या कुलपात चिखल तर जातोच, शिवाय खाली आधार मिळाल्याने ते घणाने फोडणेही सोपे होते.

साखळी

हार्डवेअरच्या दुकानात मीटरवर मिळणारी गॅल्व्हनाइज्ड साखळी, कितीही जाड असली तरी, साध्या लोखंडाची असते. तपासायला कानस पुरते. कडीवर कानस घासली आणि ती लोखंड खात गेली तर साखळी मऊ आहे. घसरली आणि नुसती चकाकी आली तर कडक केलेली आहे. मोटरसायकलसाठी कडक केलेल्या पोलादाची, निदान १४ मिमीची साखळी हवी. १६ मिमी मिळाली तर हाती धरायच्या बोल्ट कटरचा प्रश्न जवळजवळ मिटतो. बॅटरीवर चालणारा ग्राइंडर मात्र कुठलीही साखळी काही मिनिटांत कापतो, हे मान्य करूनच पुढची रचना करायची: त्याला जास्त वेळ लागावा, आवाज व्हावा, ठिणग्या दिसाव्यात.

साखळी पुढच्या चाकातून ओवणे व्यर्थ आहे. चाक पाना लावून निघते आणि उरलेली बाईक उचलून नेता येते. ती फ्रेममधून न्या. फ्रेममध्ये जागा नसेल तर मागच्या चाकातून आणि स्विंगआर्मच्या (मागचे चाक धरणाऱ्या दांड्याच्या) आतून. स्कूटरला फ्रेम हाती लागत नाही, तिथे मागच्या अलॉय चाकातून ओवून फूटबोर्डखालच्या नळीभोवती फिरवावी. साखळी ताठ राहिली पाहिजे. जमिनीवर लोळत असेल तर कटरचा एक दांडा जमिनीवर टेकवून दुसऱ्यावर अख्खे वजन टाकता येते. फ्रेम ते हूक हे अंतर मोजूनच लांबी ठरवा, वर सांगितलेल्या जागी हूक असेल तर १ ते १.२ मीटर पुरते. रंगाला ओरखडे नकोत म्हणून साखळीवर कापडी वेष्टन येते. ते पावसाळ्यात आतून ओले राहते, महिन्यातून एकदा काढून वाळवा.

हँडल लॉक जरूर लावा, पण त्याला सुरक्षा समजू नका. हँडलला जोराचा हिसका दिला की तो तुटतो. डिस्क लॉकने बाईक ढकलता येत नाही, तरी दोघांना ती उचलून टेंपोत घालता येते. हुकाशी बांधलेली साखळी असेल तरच डिस्क लॉकला अर्थ.

शटर आणि दार

रोलिंग शटरला मध्ये एकच कुलूप असेल तर एका कोपऱ्याखाली पहार घालून खालची पट्टी वाकवता येते आणि माणूस सरपटत आत जातो. दोन्ही टोकांना आतून कडी लावा, ती बाजूच्या चॅनेलमध्ये निदान ४० मिमी शिरली पाहिजे. चॅनेल चिऱ्यात स्क्रूने बसवलेले असेल तर तेही वरच्यासारखे आरपार बोल्टने धरा.

लाकडी किंवा पत्र्याच्या दाराला कडी-कोयंडा लाकडी स्क्रूने लावलेला असतो आणि पहारीने स्क्रूंसकट उखडतो. गोल डोक्याचे, बाहेरून पाना न लागणारे बोल्ट आरपार घालून आतून वायसर व नट आवळा. बिजागऱ्या बाहेरून दिसत असतील तर त्यांच्या पिना वर-खाली वेल्ड करा, नाहीतर कुलपाला हात न लावता पिन ठोकून दार बाजूला काढता येते. सरकते फाटक रुळावरून वर उचलले जाते का तेही बघा. वरच्या बाजूला अँगलचा एक तुकडा लावला की ते थांबते.

आणि गॅरेजातली पहार, पिकास, शिडी, ग्राइंडर घरात हलवा. गॅरेजातल्या सॉकेटचा स्विच घराच्या आत असावा. चोराला लागणारी हत्यारे आणि वीज आपणच पुरवायची नाही.

अलार्म सारखा वाजतो, बॅटरी उतरते

अलार्म चोरी झाल्यामुळे बंद नसतो, तो मालकानेच वैतागून बंद केलेला असतो. गडगडाट, पत्र्यावर पडणारा नारळ, शेजारून जाणारा ट्रक यांनी बाईकचा कंपन-सेन्सर जागा होतो. संवेदनशीलता एक पायरी खाली आणा आणि पुन्हा तपासा. भिंतीवरचा हालचाल ओळखणारा सेन्सर पालीमुळे वाजतो, कारण पाल थेट सेन्सरच्या भिंगावरून फिरते. तो ट्यूबलाइटपासून दूर लावा. रात्री कॅमेऱ्यासमोर पांढरा धूर दिसत असेल तर तो कोळिष्टके आणि किड्यांवर पडणारा इन्फ्रारेडचा प्रकाश असतो. कॅमेऱ्यातला प्रकाश बंद ठेवून दोन मीटर बाजूला वेगळा दिवा लावला की चित्र स्वच्छ येते. पावसात वीज गेली की राउटर बंद पडतो आणि कॅमेरा आंधळा होतो, म्हणून राउटरला छोटा १२ व्होल्टचा यूपीएस हवा.

जीपीएस ट्रॅकर किंवा अलार्म बसवल्यावर बाईक सुरू होत नाही ही तक्रारही साध्या हिशेबाची आहे. यंत्र सतत १० मिलिअँपिअर घेत असेल तर दिवसाला ०.२४ अँपिअर-तास जातात. ८ अँपिअर-तासांची बॅटरी सोळा-सतरा दिवसांत निम्मी होते, जुनी असेल तर त्याआधीच. मल्टिमीटर बॅटरीच्या ऋण तारेत जोडून, बाईक बंद असताना, किती प्रवाह जातो ते मोजा. या जोडणीत असताना चुकूनही स्टार्टर दाबू नका, मीटरचा फ्यूज जाईल. लांब गावी जाणार असाल तर चार्ज टिकवणारा चार्जर लावून ठेवा. पत्र्याच्या शेडखाली जीपीएसला आकाश दिसत नाही, त्यामुळे नकाशावरची जागा थोडी इकडेतिकडे दिसते. तो यंत्राचा दोष नव्हे.

सोसायटीतल्या स्टिल्ट पार्किंगमध्ये (इमारतीखाली खांबांमधल्या मोकळ्या जागेत) खणता येत नाही. तिथे समितीची लेखी परवानगी घेऊन काँक्रीटच्या खांबाभोवती साखळी फिरवा. ३०० × ४५० मिमीच्या खांबाचा घेर १.५ मीटर होतो, म्हणजे एकूण अडीच मीटर साखळी लागेल. खांबात मात्र ड्रिल करू नका, आतली सळई दुखावते.

वर्षातून दोनदा तपासणी

मेमध्ये आणि चवथीच्या आठवडाभर आधी. यू-हुकातून १.२ मीटरची पहार घालून दोन्ही हातांनी उचला. माथ्याच्या कडेने भेग हलली, पूड पडली किंवा सळई कणभर फिरली तर तो हूक बाद. नट आणि पट्टीवर रंगाची एक सरळ रेघ मारून ठेवली की नट फिरला का हे लांबूनच दिसते. साखळीची प्रत्येक कडी हातातून काढा, कुलपाची कडी पूर्ण बाहेर ओढून बघा.

त्याच वेळी विम्याची पॉलिसीही उघडून वाचा. सप्टेंबर २०१८ पासून नवीन दुचाकीला तृतीय पक्षाचा विमा पाच वर्षांचा घ्यावा लागतो, पण चोरीची भरपाई देणारा स्वतःच्या वाहनाचा भाग बऱ्याच पॉलिसींत एकच वर्षाचा असतो. पाच वर्षांचा कागद हातात असतो, म्हणून दुसऱ्या वर्षी तो भाग संपल्याचे ध्यानात येत नाही. चोरीनंतर विमा कंपनी दोन्ही मूळ किल्ल्या मागते; दुसरी किल्ली गॅरेजातल्या खिळ्यावर न ठेवता घरात वेगळ्या जागी ठेवा. बाईक दिसली नाही तर ११२ ला फोन, जवळच्या ठाण्यात एफआयआर आणि विमा कंपनीला त्याच दिवशी कळवणे, या क्रमाने. एफआयआरला चासिस आणि इंजिन नंबर लागतात, आरसीचा फोटो फोनमध्ये ठेवा. फाइल बंद करताना विमा कंपनीला वाहन सापडले नसल्याचा पोलिसांचा दाखला लागतो. तो मिळायला वेळ जातो, तेव्हा ठाण्यातली तारीख आणि नोंद क्रमांक लिहून ठेवा.